विश्लेषण : सोलापूरच्या डॉ. कोटणीसांनी चीनमध्ये मागे काय ठेवले? रुग्णालयातील प्रत्येकाला शिकवता करणाऱ्या डॉक्टरची गोष्ट

औसा तालुक्यातील एखाद्या रुग्णालयात रात्री साप चावलेला शेतमजूर आणला गेला, असे समजा. घोणस किंवा फुरशाचे विष रक्तात भिनले आहे का, हे पाहण्यासाठी एक साधी चाचणी करतात. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचे, २० मिनिटे ती नळी अजिबात हलवायची नाही आणि मग तिरकी करून रक्त गोठले की नाही ते पाहायचे. मात्र नळी प्लास्टिकची असेल किंवा साबणाच्या पाण्याने धुतलेली असेल, तर निष्कर्ष चुकू शकतो.

ही बारीक गोष्ट जुन्या सिस्टरला पाठ असते. पण तिची बदली झाली आणि नव्याने रुजू झालेल्या सिस्टरला ती कोणी सांगितलीच नाही, तर? इमारत तीच, औषधे तीच, तरी रुग्णालयाला कालपर्यंत येत असलेली एक गोष्ट आज येईनाशी होते.

रुग्णालयात एकाला माहीत असलेले दुसऱ्यापर्यंत कसे पोहोचवायचे, हा प्रश्न जुना आहे. औशाहून तुळजापूरमार्गे सुमारे शंभर किलोमीटरवर असलेल्या सोलापुरात जन्मलेल्या एका डॉक्टरने ८० हून अधिक वर्षांपूर्वी, परक्या देशात आणि युद्धाच्या धामधुमीत या प्रश्नावर काम केले. त्यांचे नाव डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करता करता प्राण गेलेला भारतीय डॉक्टर, एवढी त्यांची ओळख सर्वांना आहे. मात्र ते तिथे शिक्षकही होते, हे फारसे सांगितले जात नाही.

डॉ. कोटणीस कोण होते?

द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. त्या काळी सोलापूर हे कापड गिरण्यांचे आणि स्वातंत्र्य चळवळीचे शहर होते. १९३० मध्ये तिथे ब्रिटिशांनी मार्शल लॉ लावला आणि पुढे चार आंदोलकांना फाशी दिली. तेव्हा द्वारकानाथ विशीत होते.

वैद्यकीय शिक्षणासाठी ते मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमध्ये गेले. केईएम रुग्णालयाशी जोडलेले हे महाविद्यालय १९२६ मध्ये सुरू झाले होते. तिथे अध्यापक भारतीयच असावेत, असा आग्रह स्थापनेपासून होता. सरकारी वैद्यकीय सेवेतील मोठ्या जागा तेव्हा बहुतांश गोऱ्या डॉक्टरांकडे असत. त्यामुळे भारतीय डॉक्टर शिकवूही शकतात, हे दाखवून देणाऱ्या संस्थेत कोटणीस यांची घडण झाली.

चीनला जाण्याचा प्रसंग कसा आला?

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर पूर्ण ताकदीनिशी आक्रमण केले. चिनी सैन्याकडे माणसे होती, पण डॉक्टर आणि औषधे अत्यंत कमी होती. कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित जवाहरलाल नेहरू यांना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले. निधी जमला आणि पाच डॉक्टरांचे पथक पाठवायचे ठरले.

अलाहाबादचे डॉ. मदनमोहन अटल पथकाचे प्रमुख होते. स्पेनच्या यादवी युद्धातील वैद्यकीय कामाचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. नागपूरचे डॉ. चोळकर, कोलकात्याचे डॉ. बिजॉयकुमार बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी हे अन्य सदस्य. पाचवे सोलापूरचे कोटणीस. तेव्हा ते २७ वर्षांचे होते आणि पदव्युत्तर शिक्षणाच्या तयारीत होते. ते सोडून ते १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून बोटीने निघाले.

चीनमध्ये या डॉक्टरांच्या नावांना ‘हुआ’ हे अक्षर जोडले गेले. त्याचा अर्थ चीन. कोटणीस झाले ‘के दिहुआ’. चीनमध्ये आजही ते याच नावाने ओळखले जातात.

पथक चुंगकिंगमध्ये असताना सोलापूरहून वडील गेल्याची बातमी आली. घरी परतण्याची मोकळीक असूनही कोटणीस थांबले. तिथून पुढचा खडतर प्रवास करून पथक फेब्रुवारी १९३९ मध्ये येनानला, म्हणजे कम्युनिस्टांच्या मुख्य तळावर पोहोचले.

डॉक्टर आधी विद्यार्थी का झाला?

येनान परिसरातील रुग्णालयात काम सुरू झाले तेव्हा पहिली अडचण भाषेची होती. जखमी सैनिक शेतकरी घरांतले, मदतनीसही तसेच. दुभाष्याच्या मदतीने दुखणे विचारता येते आणि शस्त्रक्रियाही करता येते, पण दुभाष्यामार्फत कोणाला तयार करणे फार कठीण. हातातला चिमटा कसा धरायचा, जखम किती उघडी ठेवायची, ताप कशामुळे चढला असावा, या गोष्टी काम करता करताच सांगाव्या लागतात.

कोटणीस यांनी चिनी भाषा शिकायला घेतली, बोलण्यापुरती नव्हे तर लिहिण्या-वाचण्यासाठीही. पुढे ते चिनी भाषेतच वर्ग घेऊ लागले.

यात रुग्णालयासाठी एक महत्त्वाची गोष्ट घडत होती. सर्वांत जास्त शिकलेला माणूस रोज सर्वांसमोर चुकत होता आणि आपल्याहून कमी शिकलेल्यांकडून शब्द सुधारून घेत होता. वरचा माणूस ‘मला येत नाही, सांगा’ असे म्हणतो तेव्हा खालच्या माणसालाही आपले अज्ञान कबूल करायला धीर येतो.

डॉ. चोळकर आणि डॉ. मुखर्जी १९३९ मध्ये भारतात परतले. डॉ. अटल, डॉ. बसू आणि डॉ. कोटणीस त्याच वर्षाच्या अखेरीस आघाडीच्या दिशेने निघाले. प्रकृतीमुळे डॉ. अटल यांनाही १९४० मध्ये परतावे लागले. डॉ. बसू यांना पुढे येनानला बोलावून घेण्यात आले. कोटणीस मात्र उत्तर चीनमधील शान्सी-चाहार-हेबेई या सीमाप्रदेशातच राहिले. जपानी फौजांनी चहूबाजूंनी वेढलेला हा भाग होता.

बेथ्यून यांनी मागे काय ठेवले होते?

कोटणीस तिथे पोहोचण्याच्या काही महिने आधी या प्रदेशाने एक मोठा डॉक्टर गमावला होता. कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून १९३८ मध्ये चीनला आले होते. त्याआधी स्पेनच्या युद्धात त्यांनी फिरत्या रक्तसंक्रमण पथकाचे काम उभे केले होते. शस्त्रक्रिया करताना बोट कापल्याचे निमित्त झाले, रक्तात विषबाधा पसरली आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी वयाच्या ४९ व्या वर्षी बेथ्यून यांचा मृत्यू झाला.

आघाडीवर येणाऱ्या शेकडो जखमींना एक कुशल डॉक्टर पुरा पडणार नाही, हे बेथ्यून यांनी ओळखले होते. म्हणून वेगवेगळ्या ठिकाणच्या डॉक्टरांना एकत्र बोलावून त्यांनी प्रात्यक्षिक वर्ग घेतले. त्यात डॉक्टरांनाही आळीपाळीने परिचारकाचे आणि रुग्णसेवकाचे काम करावे लागे. जखम धुणाऱ्याच्या हातून काय चुकते, हे स्वतः जखम धुतल्याशिवाय कळत नाही, हा त्यामागचा विचार. गनिमी युद्धात रुग्णालय कसे चालवावे, याचे मार्गदर्शक पुस्तकही त्यांनी तयार केले होते.

त्यांच्या मृत्यूनंतर रुग्णालयाला आणि तिथल्या वैद्यकीय शाळेला बेथ्यून यांचे नाव देण्यात आले. हेबेई प्रांतातील तांग परगण्यात, गेगोंग नावाच्या गावाच्या परिसरात हे काम चालत होते. मोठी इमारत नव्हती. गावकऱ्यांची घरे हेच वॉर्ड. जपानी फौजांची मोहीम सुरू झाली की रुग्ण, औषधे आणि विद्यार्थी यांच्यासह सगळे रुग्णालयच डोंगरात हलवावे लागे.

संचालक झाल्यावर कोटणीस यांनी काय केले?

१९४० च्या लढायांमध्ये कोटणीस यांनी आघाडीजवळ राहून जखमींवर उपचार केले. एका मोहिमेत ८०० हून अधिक जखमी त्यांच्या पथकाने हाताळले आणि एकदा तर ते झोप न घेता सलग ७२ तास काम करत होते, असे सांगितले जाते. जानेवारी १९४१ मध्ये त्यांच्याकडे बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद आले. त्या वेळी ते ३० वर्षांचे होते.

संचालक झाल्यावरही त्यांनी शिकवणे सोडले नाही. रुग्णालय चालवणारा, शस्त्रक्रिया करणारा आणि वर्ग घेणारा माणूस एकच होता. सकाळी वर्गात सांगितलेली गोष्ट दुपारी रुग्णाजवळ दिसत असे आणि रुग्णाजवळ अडलेला प्रश्न पुन्हा वर्गात येत असे.

विद्यार्थी बहुतांश तरुण सैनिक आणि खेड्यातील मुले-मुली. अनेकांचे शालेय शिक्षण जेमतेम झालेले. पाच-सहा वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम शिकवायला वेळ नव्हता, कारण आज शिकलेला विद्यार्थी काही महिन्यांत आघाडीवर स्वतंत्रपणे काम करणार होता. तो जे शिकला नसेल, ते विचारायला तिथे कोणी नसणार होते.

शाळेत शुश्रूषा शिकवणाऱ्या गुओ चिंगलान यांच्याशी कोटणीस यांचा विवाह नोव्हेंबर १९४१ मध्ये झाला. एक शस्त्रक्रिया शिकवणारा, दुसरी शुश्रूषा शिकवणारी, असे ते घर. ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. त्याच वर्षी कोटणीस यांनी चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यत्वही घेतले.

तिथे लोक आपले ज्ञान एकमेकांना का देत होते?

रुग्णालयातील कर्मचारी जाणूनबुजून माहिती दडवतात, असे क्वचितच घडते. बहुतेक वेळा कारणे साधी असतात. वेळ नसतो, शिकवण्याला कोणी काम म्हणून मोजत नाही, चूक सांगितली तर आपल्यावरच येईल अशी भीती असते. आणि जे आपल्यालाच येते त्यामुळे आपला मान टिकून आहे, असेही कुठेतरी वाटत असते.

कोटणीस यांच्या कामाकडे पाहिले तर या अडचणींवर काही उत्तरे सापडतात.

पहिले, वरच्या माणसाने आधी शिकणे. भाषेच्या बाबतीत संचालकच विद्यार्थी होता. त्यामुळे विचारणे कमीपणाचे राहिले नाही.

दुसरे, शिकवणे हाच नोकरीचा भाग असणे. रुग्णालय आणि शाळा एकत्र असल्याने शिकवण्यासाठी वेगळा वेळ काढण्याचा प्रश्न नव्हता. रुग्णाची जखम हाच धडा होता.

तिसरे, गरज सर्वांना दिसणे. बेथ्यून यांचा मृत्यू ताजा होता. उद्या आपणही नसू, ही शक्यता तिथे प्रत्येकाला माहीत होती. ज्ञान आपल्यापुरते ठेवण्यात काही लाभ नव्हता, उलट सोबत्याला न शिकवण्याची किंमत एखाद्या जखमीने मोजली असती.

चौथे, लिहून ठेवणे. सांगितलेले ऐकणाऱ्यापुरते राहते. लिहिलेले मात्र शिकवणारा निघून गेला तरी पुढच्याला वाचता येते. या शेवटच्या गोष्टीवर कोटणीस यांनी आयुष्याचे अखेरचे महिने खर्च केले.

अखेरच्या दिवसांत ते काय लिहीत होते?

शस्त्रक्रियेवरील पाठ्यपुस्तके चिनी विद्यार्थ्यांच्या हाती नव्हती. परदेशी पुस्तके मिळाली तरी वाचता येत नसत आणि त्यात गृहीत धरलेली साधने डोंगरातल्या रुग्णालयात नसत. म्हणून कोटणीस यांनी स्वतः चिनी भाषेत पुस्तके लिहायला घेतली. शस्त्रक्रियेची मूलतत्त्वे सांगणारे पहिले पुस्तक झाले. शरीराच्या एकेका भागावरील शस्त्रक्रियांची माहिती देणारे दुसरे पुस्तक लिहिणे सुरू होते.

या काळात त्यांची प्रकृती ढासळत होती. त्यांना फिट्स येऊ लागल्या होत्या. उपचारांसाठी सुरक्षित ठिकाणी जाण्याचा आग्रह वरिष्ठांनी केला, पण ते गेले नाहीत. कामाचा वेगही कमी झाला नाही.

९ डिसेंबर १९४२ रोजी, फिट्सचा तीव्र झटका येऊन त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे ३२ वर्षे. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. दुसरे पुस्तक अपूर्ण राहिले.

न थांबता काम करणे ही त्यांच्या चरित्रातील सर्वाधिक गौरवली गेलेली बाजू आहे. पण आज रुग्णालयांच्या दृष्टीने तिच्याकडे थोडे सावधपणे पाहायला हवे. आजारी डॉक्टरने विश्रांती न घेता राबत राहणे हे अनुकरण करण्यासारखे नाही. त्यांच्या मागे रुग्णालय चालू राहिले, ते त्यांनी जागवलेल्या रात्रींमुळे नव्हे. शिकून तयार झालेली माणसे तिथे होती, म्हणून ते चालू राहिले.

त्यांच्यानंतर काय झाले?

कोटणीस यांना आधी नानक्वान गावात दफन करण्यात आले. पुढे शिजियाझुआंग शहरातील हुतात्मा स्मशानभूमीत त्यांचे स्मारक झाले. बेथ्यून यांची समाधीही तिथेच आहे.

मुलगा यिनहुआ वैद्यकीय शिक्षण घेत होता. डॉक्टर होण्याच्या उंबरठ्यावर, १९६७ मध्ये, वयाच्या २४ व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. पत्नी गुओ चिंगलान अनेकदा भारतात येऊन गेल्या. कोटणीस कुटुंबाशी त्यांनी नाते जपले. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले.

१९६२ च्या युद्धानंतर भारत-चीन संबंध बिघडले, तरी हे नाव दोन्हीकडे टिकून राहिले. चीनने १९८२ मध्ये आणि भारताने १९९३ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट काढले. २०१३ मध्ये चीनचे पंतप्रधान ली केकियांग मुंबईत आले तेव्हा त्यांनी कोटणीस यांच्या बहिणीची भेट घेतली. सोलापुरातील त्यांच्या घराचे महापालिकेने स्मारकात रूपांतर केले आहे.

शिजियाझुआंगमध्ये ‘के दिहुआ’ यांच्या नावाने वैद्यकीय शिक्षण देणारी शाळा आहे. १९९२ मध्ये सुरू झालेल्या या शाळेतून हजारो विद्यार्थी शिकून बाहेर पडले आहेत. तिथे शिकणारे विद्यार्थी कोटणीस यांच्या पुतळ्यासमोर शपथ घेतात. शिकवणाऱ्या डॉक्टरचे स्मारक म्हणून शाळा असणे, हे यथायोग्यच.

ज्ञानाचा हा प्रवास एकतर्फी राहिला नाही. पथकातील डॉ. बसू यांनी पुढे चीनमध्ये ॲक्युपंक्चरचे शिक्षण घेतले आणि भारतात परतून ही पद्धत इथल्या डॉक्टरांना शिकवली. शिकवायला गेलेल्या पथकातील डॉक्टर नंतर पुन्हा शिकायला गेला, असे हे उदाहरण.

चित्रपटात काय राहून गेले?

पत्रकार आणि लेखक ख्वाजा अहमद अब्बास यांनी या पथकाची कहाणी पुस्तकरूपात आणली. त्यावर आधारित ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये काढला आणि मुख्य भूमिकाही स्वतःच केली. कोटणीस हे नाव देशभर पोहोचले ते या चित्रपटामुळे.

चित्रपटात प्रवास, युद्ध, प्रेम आणि बलिदान उठून दिसणे साहजिक आहे. वर्गात फळ्यासमोर उभे राहून जखमेचे प्रकार समजावून सांगणे किंवा रात्री दिव्याच्या उजेडात पाठ्यपुस्तकाची पाने लिहिणे पडद्यावर फार काळ दाखवता येत नाही. त्यामुळे लोकांच्या मनात शूर डॉक्टर राहिला आणि शिक्षक मागे पडला.

औसा तालुक्याशी याचा संबंध काय?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर भूकंपाने हादरला. किल्लारी हे औसा तालुक्यातील गाव. हजारो माणसे दगावली. जखमींना लातूर आणि सोलापूरच्या रुग्णालयांत हलवण्यात आले. जखमी असंख्य आणि प्रशिक्षित हात मोजके, ही कोटणीस यांच्या रुग्णालयातील रोजची स्थिती मराठवाड्याने त्या पहाटे अनुभवली. अशा वेळी एकाच तज्ज्ञाच्या डोक्यात असलेले ज्ञान अपुरे पडते. ते आधीच दहा जणांपर्यंत पोहोचलेले असावे लागते.

आपत्ती रोज येत नाही, पण ड्युटी रोज बदलते. सकाळची सिस्टर रात्रीच्या सिस्टरला काय सांगून जाते, यावर एखाद्या बाळंतिणीचे किंवा विषबाधा झालेल्या रुग्णाचे प्राण अवलंबून असू शकतात. तालुक्याच्या रुग्णालयातून लातूरला ‘रेफर’ केलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले, हे पाठवणाऱ्यांना कळले तर पुढच्या वेळी त्यांचा निर्णय अधिक अचूक होतो. पण ही माहिती परत येण्याची वाट अनेकदा नसतेच.

काय केल्याने फरक पडतो?

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी एक तपासणी यादी आणली. शस्त्रक्रिया सुरू होण्यापूर्वी खोलीतील प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे, असा त्यातील एक मुद्दा. आठ देशांतील आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. एकदा नाव सांगून बोललेला माणूस पुढे चूक दिसली तर बोलायला कचरत नाही, हा त्यामागचा एक विचार.

मराठवाड्याच्या सीमेवरील जामखेडमध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यात गावोगावच्या महिला आरोग्यसेविका नियमितपणे केंद्रावर एकत्र येत आणि आपापल्या गावातील अनुभव एकमेकींना सांगत. त्यातील अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. तरी एकीने शिकलेले दुसरीच्या गावात पोहोचत होते.

मूळचे जालना जिल्ह्यातील डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना विंचूदंशाच्या रुग्णांच्या बारकाईने नोंदी ठेवल्या आणि आपले निष्कर्ष ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. नोंदी वहीतच राहिल्या असत्या, तर त्यांचा उपयोग एकाच केंद्रापुरता झाला असता.

या सगळ्यांतून रुग्णालय प्रमुखांसाठी काही सोप्या गोष्टी निघतात.

• ड्युटी बदलताना रुग्णाजवळ उभे राहून दहा मिनिटे बोलणे. फक्त रजिस्टरवर सही नको.

• आठवड्यातून एकदा एका अवघड रुग्णावर चर्चा. त्यात डॉक्टर, सिस्टर, लॅब टेक्निशियन आणि वॉर्डातील मावशी या सर्वांना बोलायची संधी. सुरुवात प्रमुखाने स्वतःच्या चुकीपासून करावी.

• चूक सांगणाऱ्याला नोटीस नको. काय घडले हे आधी समजून घ्यावे. दोष कोणाचा, हा प्रश्न नंतरचा.

• बदली झालेल्या कर्मचाऱ्याने जाण्यापूर्वी आपल्या विभागातील दहा महत्त्वाच्या गोष्टी मराठीत लिहून ठेवाव्यात आणि त्या कागदावर त्यांचे नाव असावे. ज्याचे श्रेय त्याला मिळाले की इतरांनाही सांगावेसे वाटते.

• शिकवण्यासाठी दिलेला वेळ ड्युटीतच मोजावा. ड्युटी संपल्यावर थांबून शिकवा, असे सांगितले तर पहिल्या महिन्यानंतर कोणी थांबत नाही.

यासाठी मोठा निधी लागत नाही. प्रमुखाची तयारी आणि थोडा राखून ठेवलेला वेळ मात्र लागतो. कोटणीस यांच्याकडे इमारत नव्हती, पुरेशी औषधे नव्हती आणि स्वतःची भाषाही तिथे चालत नव्हती. तरी त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसे त्यांच्यानंतर जखमींवर उपचार करत राहिली.

काचेच्या त्या नळीची गोष्ट तशीच आहे. सांगायला दोन मिनिटे लागतात. कोणीतरी ती आज, बदलीचा आदेश येण्याआधी, शेजारच्या सिस्टरला सांगायला हवी.